चाकांवरची घरे बांधणारी गावे

घर म्हटले की आपल्याकडे आधी जागा, मग पाया, मग भिंती आणि शेवटी छप्पर. सामानसुमान आत यायचे ते वास्तुशांत उरकल्यावर. पण अमेरिकेत एका जातीची घरे अशी आहेत, की त्यांना जागा नाही, पाया नाही, आणि त्यांच्यात कपाटे आधी बसतात व भिंती मागाहून उभ्या राहतात. ही घरे कारखान्यात तयार होतात, स्वतःच्या चाकांवर बाहेर पडतात आणि हव्या त्या मुलखात हिंडतात. तिकडे त्यांना ‘आर. व्ही.’ म्हणतात. म्हणजे हौसेने हिंडण्याफिरण्याची गाडी.

हिचे मुख्य प्रकार दोन. एक, मोटारीच्या मागे जोडून ओढायचा ट्रेलर. दुसरा, स्वतःचे इंजिन असलेली, बससारखी दिसणारी गाडी. दोन्हींच्या आत स्वयंपाकाचा ओटा, गॅस, फ्रिज, पलंग, मोरी, संडास, दिवे, पाण्याची टाकी, थंडीत ऊब देणारी भट्टी, सगळे असते. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी आणि सुट्टीवर निघालेली कुटुंबे तिचे मुख्य गिऱ्हाईक. पण हौसच सगळी नाही. गव्हाच्या कापणीच्या हंगामात तिकडे कंत्राटी टोळ्या मोठमोठी कापणीयंत्रे घेऊन निघतात. दक्षिणेला टेक्सासमध्ये गहू आधी पिकतो, तिथून कापत कापत त्या उत्तरेला कॅनडाच्या हद्दीपर्यंत जातात. महिनोन् महिने चालणाऱ्या या फेरीत टोळीचा मुक्काम पुष्कळदा अशाच ट्रेलरांत असतो. साखर कारखान्याच्या हंगामात बिऱ्हाड पाठीशी घेऊन हिंडणाऱ्या आपल्या ऊसतोडणी टोळ्यांची आठवण यावी, असेच ते जिणे आहे.

ही घरे बांधतो कोण आणि बांधतात कशी, हे पाहू. कारण त्यात शेतकरी कुटुंबांना विचार करायला लावणारे बरेच आहे.

मक्याच्या शेतांमधला कारखाना

अमेरिकेच्या इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला एल्कहार्ट नावाचे शहर आहे. भोवताली मका, सोयाबीन आणि गाईगुरांचा मुलूख. १९३० च्या दशकापासून इथे ट्रेलर बनू लागले. आज अमेरिकेत बनणाऱ्या दर दहा आर. व्हीं. पैकी आठ या एल्कहार्टच्या परिसरातून बाहेर पडतात. एका गावात कोष्टी जमले की शेजारी रंगारी येतो, मागवाला येतो, सूतवाला येतो, तसेच इथेही झाले. कुणी फक्त लोखंडी सांगाडे करतो, कुणी खिडक्या, कुणी गाद्या, कुणी पाण्याच्या टाक्या. मुख्य कारखान्यात या सगळ्यांची जुळणी होते.

मोटारीच्या कारखान्यात यंत्रमानवांचे हात फिरताना आपण चित्रांत पाहतो. इथे तसे फार थोडे. लांबलचक शेड, हवेच्या दाबाने खिळे मारणाऱ्या बंदुकांचा खटखटाट, लाकडाचा भुसा, गोंदाचा वास आणि हातात स्क्रू फिरवणारी यंत्रे घेतलेली माणसे. हे मुळात सुतारकाम आहे. घराघराचे नकाशे इतके निराळे असतात, की एकाच कामाला बांधलेले महागडे यंत्र घेणे बहुतेक ठिकाणी परवडत नाही. त्यामुळे कारखान्याचा भर माणसाच्या हातावर आणि कामाच्या क्रमावर.

आधी सांगाडा, मग जमीन

पायाच्या जागी असते पोलादी चासी. दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, खाली आस, कमानपाटे आणि चाके. पुढच्या बाजूला दोन दांड्या निमुळत्या होत एकत्र येतात, त्या मोटारीच्या मागच्या आकड्यात अडकतात. इथे जो हिशेब सांभाळावा लागतो तो आपल्या गाडीवानाला शिकवायला नको. गाडी उलाळ भरली तर जू वर उचलले जाते, आणि पुढे ओझे जास्त झाले तर बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचेही तसेच. त्याच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ इतका भार पुढच्या दांडीवर यावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो आणि मोटारीलाही उलथवतो. म्हणून फ्रिज कुठे, पाण्याची टाकी कुठे, पलंग कुठे, हे ठरवताना गृहिणीच्या सोयीइतकाच वजनाचा काटा पाहिला जातो. रुंदीही मनासारखी वाढवता येत नाही. रस्त्याच्या कायद्याप्रमाणे साडेआठ फुटांच्या आत सारा संसार बसवावा लागतो.

चासीवर लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट बसते. तिच्या पोकळीत पाण्याचे नळ आणि गरम हवेचे नळकांडे टाकतात. टाक्या तीन: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. मग वर प्लायवूड आणि त्यावर प्लॅस्टिकचा जाड गालिचा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत शक्यतो अखंड अंथरतात, सतरंजी अंथरावी तसा. मधे जोड नसला की सांडलेले पाणी लाकडात मुरत नाही.

भिंतींच्या आधी कपाटे

आता जी गंमत सुरुवातीला सांगितली ती इथे. जमीन तयार झाली, की चारी बाजू मोकळ्या असतानाच तिच्यावर ओटा, कपाटे, पलंगाचा खोका, न्हाणीचे भांडे आणि जड वस्तू मांडून पक्क्या करतात. ही कपाटे शेजारच्याच सुतारशाळेत तयार होऊन आलेली असतात. भिंती आधी उभ्या केल्या तर दोन-सव्वादोन फुटी दारातून एवढे सामान न्यायचे कसे, आणि एवढ्याशा खोलीत सहा माणसांनी एका वेळी काम करायचे कसे? शिवाय मागाहून भिंत येऊन टेकली, की बाहेरच्या अंगाने तिच्यातून स्क्रू मारून कपाट आणि भिंत एकमेकांना जखडता येतात. खड्ड्यांतून धावणाऱ्या घरात नुसते उभे केलेले कपाट दोन दिवसही टिकायचे नाही.

तोवर पलीकडे मोठ्या टेबलांवर भिंती आडव्या निजवून तयार होत असतात. त्यांच्या पद्धती दोन. जुनी पद्धत अशी: लाकडी पट्ट्यांची चौकट, आतून पातळ तक्ता, भिंत उभी झाल्यावर पोकळीत विजेच्या तारा आणि काचेच्या तंतूंची लोकर, आणि बाहेरून नागमोडी ॲल्युमिनियमचा पत्रा. नव्या पद्धतीत ॲल्युमिनियमच्या नळ्या वेल्ड करून चौकट करतात, तिच्या घरांत थर्मोकोलसारखे ठोकळे भरतात, दोन्ही अंगांना पातळ तक्ते व बाहेर फायबरचा गुळगुळीत पत्रा गोंदाने चिकटवतात आणि हे सगळे रुळांखाली दाबतात किंवा हवा शोषून घेऊन आवळतात. एकच सलग, हलकी आणि ताठ फळी तयार होते. मग संगणकावर चालणारे यंत्र खिडक्या-दारांची भोके अचूक कापते.

छप्परही वेगळे तयार होते. पाणी वाहून जावे म्हणून त्याच्या कैच्यांना किंचित कमान असते. वर तक्ते आणि त्यावर रबराचा किंवा तशाच प्लॅस्टिकचा एकसंध पडदा गोंदाने चिकटवलेला. तयार छप्पर यारीने उचलून भिंतींवर ठेवतात. पाठोपाठ पुढचे-मागचे तोंड, खिडक्या, दार, भट्टी, शेगडी बसते. पुष्कळ गाड्यांना कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकणारी खोली असते. प्रवासात ती आत, मुक्कामाला बटन दाबले की बाहेर. बैठकीची जागा एवढ्यानेच वाढते.

या सगळ्या वेळात घर एका जागी उभे नसते. खाली छोटी फिरती चाके लावून ते एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर ढकलले जाते. प्रत्येक ठाण्यावरच्या माणसांचे काम ठरलेले. नळवाले नळच जोडणार, छपरावरचे छपरावरच. आपल्याकडे एक घर उभे राहायला दोन-दोन पावसाळे जातात. तिथल्या मोठ्या कारखान्यातून दिवसाला डझनभर घरे आणि त्याहूनही अधिक बाहेर पडतात.

रिव्हेटची जोडी

शेजारच्या ओहायो राज्यात जॅक्सन सेंटर या लहान गावी १९५२ पासून एअरस्ट्रीम नावाचे ट्रेलर बनतात. वॉली बायम या गृहस्थांनी १९३० च्या दशकात ते काढले. त्याचे अंग विमानासारखे, चकचकीत ॲल्युमिनियमचे आणि गोलसर. पत्रे जोडायला हजारो रिव्हेट लागतात आणि कवच ठोकायचे काम आजही जोडीने चालते. एक जण बाहेरून रिव्हेटवर हवेची हातोडी धरतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा टेकवून उभा असतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, पण हात एका वेळी पडला नाही तर रिव्हेट वाकडा जातो. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या बायकांना हे ताळतंत्र लगेच कळेल.

खरा वैरी पाणी

या घराचा मोठा वैरी म्हणजे गळती. ते रोज हादरते, उन्हाने फुगते, थंडीने आकसते, आणि खिडकी, झरोका, दिवा यांसाठी त्याच्या अंगाला जागोजागी भोके पाडलेली असतात. एका भोकाभोवतीचे लुकण हाताने नीट बसले नाही, तर पाणी भिंतीच्या पोटात शिरते. बाहेरून काही दिसत नाही. दोन वर्षांनी बोट लावावे तर लाकूड भुसभुशीत झालेले.

म्हणून शेवटच्या ठाण्यावर परीक्षा असते. काही कारखान्यांत घराची दारे-खिडक्या बंद करून आत पंख्याने हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारतात. जिथे फेस फुगतो तिथे फट. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणारा जे करतो, तेच इथे सबंध घराचे करतात. काही ठिकाणी घर कृत्रिम पावसाखाली उभे करतात. गॅसच्या नळीत हवा भरून काटा खाली येतो का पाहतात, विजेच्या तारा तपासतात, नळांना दाब देतात.

गोंदाचीही एक गोष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हाहाकार केला. बेघर झालेल्यांना सरकारने लाखाहून अधिक ट्रेलर आणि तयार घरे राहायला दिली. काही महिन्यांतच लोकांचे डोळे चुरचुरू लागले, खोकला हटेना. तक्त्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत होता. सुट्टीत चार दिवस दारे-खिडक्या उघड्या टाकून राहणे वेगळे, आणि लेकराबाळांसह वर्षभर त्या कोंदट पेटीत राहणे वेगळे. सरकारी आरोग्य खात्याने २००८ मध्ये तपासणीचे आकडे जाहीर केले आणि २०१० मध्ये अशा तक्त्यांतून किती वायू सुटलेला चालेल यावर देशभर बंधन घालणारा कायदा झाला.

मोटार न बाळगणारे मोटारघर बांधतात

या कारखान्यांत राबणारे हात कुणाचे? एल्कहार्टच्या आणि शेजारच्या लाग्रेंज जिल्ह्यात आमिश पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक मूळचे युरोपातले, जर्मन बोली बोलणारे, साध्या राहणीचे. इंडियानाच्या या भागात ते १८४१ पासून आहेत. मुले आठवीपर्यंत शिकतात, मग कामाला लागतात. नांगराला घोडे जुंपतात. स्वतःची मोटार बाळगत नाहीत. घोड्याच्या बग्गीतून किंवा सायकलवरून हिंडतात. आणि नेमक्या याच लोकांतले हजारो पुरुष रोज उठून मोटारीमागे धावणारी घरे बांधायला जातात. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायला त्यांची ना नाही. त्यामुळे पहाटे अंधारात भाड्याच्या गाड्या दारोदार फिरून त्यांना गोळा करतात.

याचे कारण आपल्याला परके नाही. घरात सात-आठ मुले, जमीन तेवढीच. वाटण्या करायच्या तर कुणालाच पुरत नाही, आणि नवी घ्यायची तर एकराचे भाव आवाक्याबाहेर. शेतावर वाढलेल्या पोराच्या हाताला सुतारकाम, लोहारकाम आणि पहाटे उठण्याची सवय होती. कारखान्यांना तेच हवे होते. २००८ च्या सुमारास या वस्तीतल्या निम्म्याच्या आसपास कर्त्या पुरुषांची चूल कारखान्यावर चालत होती.

मजुरी पुष्कळ ठिकाणी तासावर नसते, अंगावर घेतलेल्या कामासारखी असते. इतकी घरे बाहेर पडली की इतके पैसे, ते टोळीत वाटायचे. त्यामुळे पहाटे चार-पाचला काम सुरू होते आणि दुपारी एक-दोनपर्यंत ठरलेली घरे पुरी करून माणसे मोकळी होतात. उरलेला दिवस घरच्या गाईसाठी, घोड्यांसाठी, परसातल्या भाजीसाठी. कमाई चांगली होते, आणि घरची माणसे दिवस मावळण्याआधी एकत्र येतात, हे त्यांना मोलाचे वाटते. पण या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. घाईत पाठी आणि खांदे दुखावतात, बोटे जातात. आणि घाईत लुकणाचा एखादा हात राहून जातो, तो दोन वर्षांनी गिऱ्हाईकाच्या छपरातून टपकतो. टोळीतला जाणता कारागीर कोण, तर वेगाने काम करूनही मागच्या माणसाला दोष काढायला जागा न ठेवणारा.

सुगी आणि दुष्काळ

आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावाची कथाही अशीच. १९५० च्या दशकात शेतीतले काम कमी होत चालले आणि तरुण पोरे गाव सोडू लागली. जॉन हॅन्सन नावाचे गृहस्थ तिथे लाकडी सामान आणि शेतीची अवजारे विकत. त्यांनी इतर व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला गावात ट्रेलरचा कारखाना काढायला राजी केले. १९५८ मध्ये तो सुरू झाला, अडखळला, आणि गावातल्याच पाच जणांनी तो विकत घेतला. पुढे १९६१ मध्ये जिल्ह्याच्या नावावरून त्याला विनेबागो नाव मिळाले. १९६६ पासून तिथे इंजिनवाली घरे बनू लागली आणि गावाचे नाव देशभर झाले.

मग आले १९७३. अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि पेट्रोल पिणारी ही घरे कुणी घेईना. माणसाच्या हातात पैसा कमी झाला की तो आधी हौस सोडतो. भाकरी सोडत नाही. त्यामुळे मंदीची पहिली कुऱ्हाड या धंद्यावर पडते, आणि हे पुन्हा पुन्हा घडले. उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २००६ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार आर. व्ही. कारखान्यांबाहेर पडल्या. २००९ मध्ये तोच आकडा १ लाख ६५ हजारांवर आला. एल्कहार्टच्या परिसरात काम करू शकणाऱ्या दर शंभर जणांत अठराहून अधिक बेकार झाले. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २००९ रोजी, या गावाला येऊन गेले ते यामुळेच. पुढे करोनाच्या साथीत विमाने-हॉटेले नकोशी झाली, तेव्हा उलटेच वारे वाहिले. २०२१ मध्ये विक्रमी ६ लाख आर. व्ही. बनल्या. दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, आकडा पुन्हा सुमारे ३ लाख १३ हजारांवर उतरला.

आमिश लोक सहसा सरकारी मदतीकडे जात नाहीत. अडलेल्याला पंथाची मंडळीच हात देते. २००९ च्या तडाख्यात ज्यांच्याकडे थोडी जमीन, दुभती गाय, परसबाग आणि कपाटात भरून ठेवलेल्या भाज्या-फळांच्या बरण्या होत्या, त्यांना निदान पोटाची चिंता कमी होती. ज्यांनी चढत्या पगारावर मोठी कर्जे काढली होती, त्यांची ओढाताण झाली. कारखान्यात शिकलेली कला मात्र कुणी काढून घेऊ शकले नाही. त्यानंतर बऱ्याच जणांनी घराजवळच कपाटे, फर्निचर, शेड असल्या वस्तू करण्याची लहान दुकाने काढली.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. उद्या एखादे चाकांवरचे घर आपल्या फाट्यावर येऊन उभे राहिले, तर मुलांना आत डोकावून पाहू द्या. भिंतीआधी कपाट कसे बसले असेल, छपराचा जोड कुठे आहे, हे त्यांना विचारा. आणि घरातला मुलगा कारखान्यात जायला निघाला, तर त्याला अडवू नका. पण बांधावरची दोन झाडे आणि गोठ्यातली गाय तेवढ्यासाठी विकू नका. पगार येत असेल त्या वर्षांत हातचे कसब वाढवावे आणि कर्ज आवरावे. एल्कहार्टच्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे २००९ ने शिकवले.